कॅप्लनसाहेबांची रात्रशाळा



गेल्या वर्षी दोन महिने अमेरिकेत मुलीकडे राहून आलो. न्यू जर्सीत ती ज्या गावात राहते तिथल्या लायब्ररीत जुन्या पुस्तकांची विक्री लागली होती. एका डॉलरला एक पुस्तक. मी आपला वेळ जावा म्हणून आत शिरलो आणि एक जुनं, पिवळ्या पानांचं पुस्तक हाती लागलं. नाव वाचूनच गंमत वाटली, कारण नावातल्या प्रत्येक अक्षरामध्ये एक एक चांदणी छापलेली. 'द एज्युकेशन ऑफ हायमन कॅप्लन', म्हणजे हायमन कॅप्लनचं शिक्षण. लेखक लिओ रॉस्टन. घरी येऊन वाचायला बसलो आणि इतका हसलो की नात धावत आली, "आजोबा, बरं आहे ना?"

पण शेवटी शेवटी हसू थांबलं आणि मला माझी आई आठवली. का ते पुढे सांगतो. आधी पुस्तकाची ओळख करून देतो, कारण हे पुस्तक आपल्या लोकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. परदेशात जाऊन, अर्ध्या वयात नवी भाषा शिकणं म्हणजे काय ते आपल्याला कोणी वेगळं समजवायला नको. आपण ते भोगलंय.

पुस्तक कोणी लिहिलं?

लिओ रॉस्टनचा जन्म १९०८ साली पोलंडमधल्या लोद्झ शहरात झाला. तेव्हा तो भाग रशियाच्या झारच्या राज्यात होता. कापडाच्या गिरण्यांचं शहर, आपल्या गिरणगावासारखं. लिओ तीनेक वर्षांचा असताना आईवडील त्याला घेऊन अमेरिकेत शिकागोला आले. घरात यिद्दिश बोलायचे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या यहुदी लोकांची घरातली भाषा. जशी आपली मराठी, तशी त्यांची यिद्दिश. लिहायची हिब्रू अक्षरांत, पण गाभा जर्मन भाषेचा.

मुलगा हुशार निघाला. शिकागो विद्यापीठात शिकला, पुढे डॉक्टरेटही घेतली. पण १९३० च्या सुमाराला अमेरिकेत मोठी मंदी आली होती, शिकलेल्यांनाही नोकऱ्या मिळेनात. तेव्हा पोटासाठी त्याने शिकागोत रात्रशाळेत परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं काम धरलं. तिथे जे पाहिलं, ऐकलं, त्यातून पुढे कॅप्लनच्या गोष्टी झाल्या. त्या आधी 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकात एकेक करून आल्या आणि १९३७ साली त्यांचं पुस्तक निघालं.

मजा अशी की, पुस्तकावर तेव्हा त्याचं खरं नाव नव्हतंच. 'लेनर्ड क्यू. रॉस' असं टोपणनाव होतं. कारण त्याच काळात तो वॉशिंग्टनच्या वार्ताहरांवर गंभीर संशोधनाचा ग्रंथ लिहीत होता. विनोदी गोष्टी लिहितो म्हटल्यावर विद्वान लोक आपल्याला हलकं समजतील अशी त्याला भीती होती. आज त्या संशोधनाचं नाव किती जणांना आठवत असेल? कॅप्लन मात्र राहिला.

रात्रशाळेत काय चालायचं?

गोष्टीतली शाळा न्यू यॉर्कमधली आहे. प्रौढांची रात्रशाळा. दिवसभर राबून संध्याकाळी तीस-चाळीस माणसं लहान मुलांसारखी बाकांवर येऊन बसतात. कोणी रशिया-पोलंडकडून आलेले यहुदी, कोणी इटलीची बाई, कोणी आणखी कुठली. मास्तर आहेत मिस्टर पार्कहिल. अगदी सभ्य, शांत, अमेरिकेतच जन्मलेले, व्याकरणावर श्रद्धा असलेले गृहस्थ.

आता अशा शाळा का निघाल्या हे थोडं सांगायला हवं. १८८१ पासून १९२४ पर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून जास्त यहुदी अमेरिकेत आले. बरेचसे न्यू यॉर्कच्या एलिस बेटावर उतरले. तिथे तपासणी व्हायची, डोळे बघायचे, प्रश्न विचारायचे. १९०६ साली कायदा झाला की ज्याला अमेरिकेचा नागरिक व्हायचं असेल त्याला इंग्रजी बोलता आलं पाहिजे. १९१७ साली आणखी एक कायदा आला. येणाऱ्या प्रौढ माणसाला कुठली ना कुठली भाषा वाचता आली पाहिजे. त्या कायद्यात हिब्रू आणि यिद्दिश चालतील असं स्पष्ट लिहिलं होतं. आणि १९२४ साली तर दारच जवळजवळ बंद करून टाकलं.

म्हणजे काय, तर रात्रशाळा ही हौस नव्हती. इंग्रजी आलं नाही तर नागरिकत्व नाही, बरी नोकरी नाही, दुकानदाराशी भांडता येत नाही, स्वतःच्या पोराच्या मास्तरांशी बोलता येत नाही. म्हणून कॅप्लनच्या शाळेतही इंग्रजीबरोबर नागरिकशास्त्र आणि नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेतात. वॉशिंग्टन कोण, लिंकन कोण, सगळं पाठ करायचं.

कॅप्लन म्हणजे कसला माणूस!

कॅप्लन चाळिशीतला. गुटगुटीत, लालबुंद चेहरा, कुरळे पिंगट केस. कोटाच्या खिशाला नेहमी दोन फाउंटन पेनं लावलेली आणि तोंडावर कायम हसू. वर्गात सगळ्यात कच्चा विद्यार्थी कोण, तर हाच. आणि सगळ्यात जास्त हात वर करणारा कोण? तोही हाच!

गृहपाठाच्या कागदावर नाव कसं लिहितो? लाल खडूने मोठी अक्षरं, त्यांना निळी किनार आणि दोन अक्षरांच्या मध्ये हिरवी चांदणी. नाटकाच्या थिएटरवर मोठ्या नटाचं नाव दिव्यांनी लावतात ना, तसं. बाकीचे विद्यार्थी कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव लिहितात, कॅप्लनचं नाव दुरून दिसतं. बिचारे पार्कहिल मास्तर हळूहळू स्वतःच मनातल्या मनात त्याचं नाव चांदण्यांसकट उच्चारायला लागतात.

आता त्याच्या चुका. एकदा अनेकवचनं लिहायला दिली. 'कॅट' म्हणजे मांजर, त्याचं अनेकवचन या पठ्ठ्याने काय लिहिलं? 'कॅट्झ', म्हणजे चक्क एका माणसाचं आडनाव! हे वाचून अमेरिकेतले यहुदी वाचक खुर्चीवरून पडले असतील, कारण कॅट्झ हे त्यांच्यात अगदी घरोघरी आढळणारं नाव. 'कोहेन त्झेदेक', म्हणजे सचोटीचा कोहेन, याच्या आद्याक्षरांवरून ते पडलं. अब्राहम लिंकनचं नावही कॅप्लनच्या तोंडून असं येतं की मध्ये एक कोहेन येऊन बसतो!

दुसऱ्या वेळी 'वाईट' या शब्दाच्या तीन पायऱ्या विचारल्या. म्हणजे वाईट, अधिक वाईट, सर्वांत वाईट. पहिल्या दोन बरोबर आल्या, तिसऱ्या पायरीला त्याने सरळ 'सडका' या अर्थाचा शब्द ठेवून दिला. 'मरणे' या क्रियापदाची रूपं विचारली तर शेवटचं रूप म्हणून 'अंत्ययात्रा'. 'नवीन' च्या विरुद्ध काय? 'जुना' नव्हे, तर 'सेकंडहँड'.

आता मला सांगा, यात चूक काय आहे? व्याकरणाने चूक. पण ज्याने आयुष्यात नवा कोट कधी घेतलाच नाही, नेहमी वापरलेलाच घेतला, त्याच्या दृष्टीने नव्याच्या विरुद्ध सेकंडहँडच ना! माणूस मेला की पुढे काय होतं? अंत्ययात्राच होते. पार्कहिल मास्तर चूक दुरुस्त करायला तोंड उघडतात आणि त्यांच्याच डोक्यात येतं, अरे, याचंही काही अगदी खोटं नाही. अशा वेळी ते खिडकीबाहेर बघत बसतात.

वर्गात मिस मिटनिक नावाची एक मुलगी आहे. लाजाळू, अभ्यासू, वर्गात पहिली. ती कॅप्लनची चूक दाखवते, दर वेळी बरोबर असते, आणि दर वेळी कॅप्लनच जिंकतो! कारण तो वाद घालतो एखाद्या वकिलासारखा. मुद्दा हरला तरी माणूस हरत नाही. सगळा वर्ग दोन पक्षांत वाटला जातो. हे वाचताना मला आपल्या मंडळाच्या वार्षिक सभा आठवल्या, अजून काय सांगू!

तीन प्रसंग

पुस्तकातले तीन प्रसंग मला विशेष आवडले.

पहिला त्याच्या कामाचा. कॅप्लन कपड्यांच्या कारखान्यात कटर आहे. बायकांच्या झग्यांचं कापड कापायचं काम. मॅनहॅटनमध्ये सातव्या अव्हेन्यूच्या आसपास अशा कारखान्यांची रांगच होती आणि यहुदी कामगारांची कितीतरी मोठी संख्या त्यात राबायची. अशाच एका कारखान्याला, ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीला, २५ मार्च १९११ रोजी आग लागली. दार कुलूपबंद, १४६ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली, यहुदी आणि इटालियन. त्यानंतर कामगारांच्या युनियनला जोर आला. तर कॅप्लनला निबंध लिहायला सांगतात आणि तो आपल्या कामाबद्दल लिहितो. वाक्यावाक्याला चुका. पण म्हणणं काय? आम्ही सूर्यप्रकाश न बघता दिवसभर विजेच्या दिव्याखाली राबायचं आणि मालकाने झकपक मोटारीतून फिरायचं, हे का? मास्तरांनी लाल शाई काढली खरी, पण या प्रश्नात दुरुस्त काय करणार?

दुसरा प्रसंग शेक्सपिअरचा. मास्तर मोठ्या हौसेने फळ्यावर 'मॅकबेथ' नाटकातला प्रसिद्ध उतारा लिहितात, आयुष्य म्हणजे क्षणभराची सावली अशा अर्थाचा. कॅप्लन उभा राहतो आणि त्या उताऱ्याचा अर्थ सांगतो. ज्युलियस सीझर रात्रीच्या वेळी तंबूत एकटा पडलाय, झोप येत नाही, कंटाळलाय, उद्याचा दिवसही असाच जाणार म्हणून मन उदास झालंय... असं इतकं रंगवून सांगतो की सगळा वर्ग गप्प होऊन ऐकतो. शेवटी मास्तर हळूच सांगतात की हा उतारा 'ज्युलियस सीझर' मधला नाहीच. झालं! पण तुम्हीच बघा, त्या माणसाला शेक्सपिअर कळला नाही असं म्हणता येईल का? नाटकाचं नाव चुकलं, मनाची अवस्था बरोबर पकडली.

तिसरा प्रसंग भाषणाचा. थोर पुरुषांवर बोलायचं. कॅप्लन वॉशिंग्टनवर बोलतो, लिंकनवर बोलतो, आणि त्यांच्याच पंक्तीला तिसरा माणूस बसवतो, जेक पॉपर. हा कोण? खाण्याच्या पदार्थांचं दुकान चालवणारा एक साधा माणूस, नुकताच वारलेला. वर्ग हसतो. पण कॅप्लन अगदी मनापासून बोलतोय. इतिहासाच्या पुस्तकात ज्याचं नाव येणार नाही अशा भल्या माणसाला तो राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी उभा करतो. आपल्या सिनेगॉगमध्ये, आपल्या चाळीत, असे जेक पॉपर किती होऊन गेले! मयताला सगळ्यात आधी हजर, लग्नात सगळ्यात शेवटी जेवणारे. त्यांच्यावर कधी कोणी भाषण केलं?

हसायचं कोणाला?

आता एक अवघड गोष्ट. काही लोकांना असं पुस्तक आवडत नाही. त्यांचं म्हणणं, परदेशातून आलेल्या गरीब माणसाच्या उच्चारांना हसणं वाईट. त्यातून टवाळखोरांना आयतं हत्यार मिळतं. आणि हे पुस्तक निघालं तो काळही बघा. १९३७ साल, जर्मनीत हिटलर. तिथे यहुदी माणसाची टिंगल सरकारच करत होतं.

या म्हणण्यात तथ्य आहे. उच्चारांचा विनोद दुधारी असतो. पण मला वाटतं, रॉस्टनने हत्यार उलटं धरलंय. कॅप्लन कधी लाचार होत नाही, कधी माफी मागत नाही. मास्तरांपुढे अदबीने वागतो, पण डोकं खाली घालत नाही. पु. लं.चं 'ती फुलराणी' आठवा. तिथे प्रोफेसर त्या मुलीची भाषा बदलून दाखवतो. इथे उलट होतं, विद्यार्थ्याची भाषा बदलत नाही, मास्तरच बदलत जातात. सुरुवातीला त्यांना कॅप्लन म्हणजे डोकेदुखी वाटते. शेवटी शेवटी तो वर्गात नसला तर त्यांना चैन पडत नाही.

आणि चुकांचं म्हणाल तर भाषा चुकांमधूनच वाढते. आपले आजे-पणजे इंग्रजांच्या पलटणीत होते, सुभेदार झाले. 'पलटण' हा शब्दच 'प्लटून' वरून आला. पहाऱ्यावरचा शिपाई इंग्रजीत 'हू कम्स देअर' असं ओरडायचा, त्याचं आपल्याकडे 'हुकुमदार' झालं. हा सरळ कॅप्लनचा हिशेब आहे! पोर्तुगिजांकडून 'इस्पितळ' आलं. माझी आजी 'ठेसन' आणि 'हापिस' म्हणायची. तिला कोणी हसलं नाही, कारण आजूबाजूचे सगळेच तसं म्हणत होते. चूक एकट्याने केली की चूक, सगळ्यांनी केली की भाषा.

माझी आई

आता आईची गोष्ट सांगतो, म्हणजे हे सगळं मी का लिहायला बसलो ते कळेल.

आम्ही १९७० साली मुंबई सोडून इस्राएलात आलो. मी चौदा वर्षांचा, आई बेचाळीस. म्हणजे कॅप्लनच्याच वयाची. आम्हाला नेगेवमधल्या एका गावी घर मिळालं. मी शाळेत जायला लागलो आणि सहा-सात महिन्यांत हिब्रू फाडफाड बोलायला लागलो. पोरांचं काय, पोरं खेळता खेळता शिकतात. आई उल्पानला जायची, म्हणजे नव्याने आलेल्या मोठ्यांच्या हिब्रू वर्गाला. सिद्दूर तिला वाचता यायचा, प्रार्थना तोंडपाठ होत्या. तिला वाटलेलं, हिब्रू तर आपलीच, सोपी जाईल. पण प्रार्थनेची हिब्रू वेगळी आणि बाजारातली हिब्रू वेगळी.

पहिल्याच आठवड्यात गोंधळ. हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. बाई वर्गात प्रश्न विचारून म्हणायच्या, "मी?" म्हणजे, कोण सांगेल? की आमची आई उभी. तिला वाटायचं बाई आपल्यालाच 'मी' म्हणायला सांगतायत! "हो, मीच, मीच," म्हणत ती उभी राहायची आणि उत्तर काही येत नसायचं. बाईंना वाटायचं, काय उत्साही विद्यार्थीण आहे!

एकदा दवाखान्यात गेलो. तिच्या पोटात दुखत होतं. नर्सने पोटावर एका जागी दाबून विचारलं, "कान?" हिब्रूत 'कान' म्हणजे 'इथे'. आई म्हणाली, "नाही गं बाई, कान नाही, पोट!" नर्सने दुसरीकडे दाबलं, "कान?" आई माझ्याकडे बघून म्हणते, "हिला सांग रे, पोट दाबून कानाचं काय विचारते!" मी हसून हसून लोळलो.

आणखी एक. हिब्रूत पुष्कळ पुल्लिंगी शब्दांचं अनेकवचन करताना शेवटी 'ईम' लावतात. आईने हा नियम बरोबर पकडला आणि सगळीकडे लावला. शेजारणीला जेवायला बोलावताना 'चपातीम' केल्यात म्हणायची. शेजारीण मोरोक्कोची, तिला चपाती म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण एकाहून जास्त आहेत एवढं बरोबर कळलं!

इथवर सगळं हसण्यासारखंच. पण मी तिथे थांबलो नाही. तिने बाजारात, बसमध्ये, शेजाऱ्यांसमोर तोंड उघडलं की मी मध्येच तिची चूक दुरुस्त करायचो. माझे मित्र घरी आले की तिची नक्कल करून दाखवायचो. ते हसायचे. तीही हसायची. मला वाटायचं, तिलाही गंमत वाटतेय.

तीन-चार महिन्यांनी तिने उल्पान सोडलं. विचारलं तर म्हणाली, "घरात कामं किती असतात." मग हळूहळू दुकानात मला पुढे करायला लागली. "तूच विचार रे." शाळेतून बोलावणं आलं तर पप्पांना पाठवायची. नव्या देशात ती आणखी पंचेचाळीस वर्षं राहिली, पण हिब्रू बोलली ती कामापुरती. मराठी बोलायला बसली की गोष्टीवेल्हाळ, सगळी आळी गोळा व्हायची. हिब्रूत मात्र तिला लोक 'गप्प बाई' म्हणून ओळखत. माझ्या मुलांनीही तिला गप्पच पाहिली, कारण त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांची आजी किती विनोदी होती हे त्यांना कधी कळलंच नाही.

हे मला तेव्हा समजलं नाही. न्यू जर्सीत त्या एक डॉलरच्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचताना समजलं.

शेवटच्या पानावर काय आहे?

वर्षाची शेवटची परीक्षा होते. कॅप्लन पास होणार नाही हे मास्तरांना दिसतंच आहे. पेपर तपासताना त्यांना त्याने लिहिलेली दोन शब्दांची चिठ्ठी सापडते. मतलब असा, की पास नाही झालो तरी मला त्याचं काही नाही, या वर्गावर माझं प्रेम आहे.

बस, एवढंच. चाळिशीतला एक कामगार, दिवसभर कापड कापून, रात्री चुका करायला आनंदाने येतो, कारण त्या खोलीत कोणी त्याला गप्प बसवत नाही. चूक दुरुस्त करतात, वाद घालतात, हसतातही. पण पार्कहिल मास्तर एकदाही त्याची नक्कल करत नाहीत. फरक तिथे आहे. माझ्या आईच्या हिब्रूत कॅप्लनपेक्षा जास्त चुका नव्हत्या. तिला पार्कहिल मिळाला नाही, मी मिळालो.

पुढे काय झालं?

पुस्तक खूप चाललं. रॉस्टनने १९५९ साली कॅप्लनच्या गोष्टींचा दुसरा भाग काढला आणि १९७६ साली सगळ्यांचं मिळून एक मोठं पुस्तक केलं. १९६८ साली त्याचा 'द जॉइज ऑफ यिद्दिश' हा शब्दकोश आला. शब्द सांगायचा आणि समजावायला विनोद सांगायचा, असा तो कोश. त्याच वर्षी कॅप्लनवरचं संगीत नाटकही न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. पण नशीब बघा. पहिला प्रयोग ४ एप्रिल १९६८ रोजी, आणि नेमकी त्याच संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शहराचे महापौर प्रेक्षकांत होते, ते बातमी कळताच उठून गेले. नाटकाचे अठ्ठावीस प्रयोग झाले आणि ते बंद पडलं. रॉस्टन १९९७ साली वारला.

आणि त्याचं ते जन्मगाव लोद्झ? तिथे दुसऱ्या महायुद्धापूर्वी दोन लाखांहून जास्त यहुदी राहत होते. १९४० साली जर्मनांनी तिथे घेट्टो करून यहुद्यांना आत कोंडलं. पुढे बहुतेकांना खेल्म्नो आणि ऑशविट्झ इथे नेऊन मारलं. तीन वर्षांच्या लिओला घेऊन आईवडील वेळेत निघाले म्हणून हे पुस्तक आहे. कॅप्लन वर्गात मोठ्याने चुकत होता, तेव्हा तिकडे त्याचे भाऊबंद गप्प केले जात होते. हे लक्षात ठेवून वाचलं की त्याचा तो मोठा आवाज आणि त्या हिरव्या चांदण्या वेगळ्याच दिसतात.

वाचायचं कसं?

पुस्तक इंग्रजीत आहे आणि कॅप्लनचे शब्द तो बोलतो तसेच छापलेत. त्यामुळे डोळ्यांनी वाचलं तर पहिली चार पानं अडखळायला होतं. युक्ती सांगतो, मोठ्याने वाचा. यिद्दिश बोलणाऱ्याला इंग्रजीतला 'व' आणि दातांखाली जीभ धरून काढायचे आवाज जमत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची अदलाबदल होते. पार्कहिलचं 'पॉकहील' होतं ते तसंच. कानावर पडलं की लगेच उलगडतं. एका बैठकीत एकच गोष्ट वाचा, सगळं एकदम नको. डोळ्यांना त्रास असेल तर नातवंडांना वाचायला सांगा. त्यांचे उच्चार ऐकून तुम्हीही हसा, फिट्टंफाट!

पुस्तक आवडलं तर शोलेम अलैखेम यांचं 'मोटल' जरूर मिळवा. नऊ वर्षांचा पोरका मुलगा आपल्या घरच्यांबरोबर अमेरिकेत जातो आणि तिथे काम, घर, भाषा कशी जमवतात ते त्याच्या तोंडून सांगतो. तेही असंच हसवतं. १९१६ साली न्यू यॉर्कमध्ये लेखक वारला आणि ती कादंबरी अर्धीच राहिली.

जाता जाता एक विनंती. आपल्यातले कोणी अमेरिकेत आहेत, कोणी इस्राएलात, कोणी मुंबई-ठाण्यात. प्रत्येकाच्या घरात एक 'चपातीम' असेल, एक 'कान' असेल. ते शब्द लिहून ठेवा. कोणी केले, कुठे केले, कोणासमोर केले ते नावानिशी लिहा, आणि नातवंडांना वाचून दाखवा. पण आधी त्यांना सांगा की ही बाई, हा माणूस, आपल्या भाषेत काय होता. मग हसू देत त्यांना पोटभर. मी माझ्या नातीला गेल्या महिन्यात दवाखान्याची गोष्ट सांगितली. ती खूप हसली आणि मग म्हणाली, "आजोबा, पणजीची अजून एक गोष्ट सांग ना."

म्हणून आता आठवून आठवून सांगतोय.